पहिल्या कपाचे मानकरी

हमीदचाचांनी तांब्या तोंडाला लावला, रिकामा केला आणि लगेच दुसरा मागितला. पहिल्यातलं पाणी थोड्याच वेळात उलटून पडलं. सिस्टरनी बादली पुढं सरकवली, तेव्हा चाचांनी बादलीला अदबीनं सलाम केला. त्यावरून माझ्या लक्षात आलं, की प्रकरण नुसतं पोटाचं नाही.

"फ्लू डोक्यात गेलाय म्याडम," त्यांचा मुलगा सलीम म्हणाला. "एक सलाईन लावा. उद्या ईट गावचा बाजार हाय."

भूम-परंडा भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी मेडिकल ऑफिसर आहे. सलाईन हे आमच्याकडं सगळ्यात जास्त मागितलं जाणारं औषध. आजाराचं नाव पेशंट स्वतःच सांगतो, इलाजही तोच सांगतो. डॉक्टरनं फक्त शीर शोधायची. त्या दिवसांत थंडीतापाची साथ होती, म्हणून ज्याला त्याला फ्लू होता. पाय मुरगळलेला एक जणसुद्धा फ्लूनं अशक्तपणा येऊन पडलो असं सांगून गेला होता.

पण चाचांना ताप नव्हता. खोकला नव्हता. घसा स्वच्छ, छाती मोकळी. फ्लूची म्हणून जी हजेरी लागते ती सगळी गैरहजर.

"किती दिवसांपासून हे?"

"महिना झाला आसंल," त्यांची बायको जैनबबी म्हणाल्या. "आधी जेवण उतरंना. मग पाणी पाणी. रात्रभर उठबस. संडासला तर आठ दिस झाले, न्हायच. आन आता हे आसं. परवा गिऱ्हाइकाला दावं दिलं, वरनं पैसं बी त्यालाच दिलं."

"मग गिऱ्हाईक काय म्हणालं?"

"काय म्हणतंय. गेलं की पळून."

चाचा बैलांचा साज विकतात. कासरे, दावी, म्होरक्या, गोंडे, घुंगरमाळा. आठवड्यातले सहा दिवस सहा गावांचे बाजार आणि शुक्रवार घरी. साठी ओलांडलेला, उंच, ताठ माणूस. बोलणं थोडं आणि नेमकं. असा माणूस बादलीला सलाम करायला लागला, तर डॉक्टरला खुर्चीत बसवत नाही. मी उभीच होते.

तहान आणि लघवी एकत्र आली की आधी साखर बघायची. बोटाला टोचलं. साखर ठीक निघाली. बीपी थोडं वर. रक्त आमच्याच लॅबमध्ये दिलं. तासाभरानं टेक्निशियननं कागद आणून दिला. क्रिएटिनिन वाढलेलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडांनी रोज बाहेर टाकायचा कचरा. तो रक्तात साचला, की सफाई करणारे थकलेत असं समजायचं.

का थकलेत, हा प्रश्न होता. आमच्या भागात मूत्रपिंडं बिघडवायचे रस्ते ठरलेले आहेत. मी एकेक करून विचारत गेले.

"चाचांना कुठलं औषध चालू आहे?"

"कसलंच न्हाय," जैनबबी म्हणाल्या. "गोळी म्हणलं की त्यांचं तोंड फिरतंय."

"मेडिकलवरून दुखायची गोळी?"

"न्हाय."

"कुणाचं चूर्ण, भस्म? हकिमाकडचं काही?"

"न्हाय ओ बाई. शपथ घालू का?"

"शपथ नको. आठवून सांगा."

"तुमी इचारलं म्हणून आठवलं. आठवून बी न्हायच."

सलाईन चालू केलं. चाचांचे डोळे मिटत होते. जैनबबी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अजी, आंखां तो खोलो. म्याडम देखतेत." त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि मला बैलाची शिंगं रंगवून झाली का ते विचारलं. मी "होत आली" म्हणाले. त्यांचं समाधान झालं. माझं झालं नाही.

मी व्हरांड्यात आले, परत आत गेले, पुन्हा बाहेर आले. बार्शीला पाठवायचं हे नक्की होतं. पण चिठ्ठीत काय लिहायचं? 'मूत्रपिंड बिघडलं, कारण अज्ञात' असं लिहून पाठवलेला पेशंट मोठ्या दवाखान्यात तपासण्यांच्या रांगेत उभा राहतो. चाचांकडं रांगेपुरता वेळ आहे की नाही, हे मला सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. आमचे वरिष्ठ. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना मंडप आवडतो.

"मॅडम, शनिवारचं लक्षात आहे ना? अभियानाचा समारोप. तुम्हाला दोन शब्द बोलायचेत, व्हिटॅमिन डी आणि फ्लू."

"सर, माझ्याकडं सिरियस पेशंट आहे."

"दोनच शब्द हो. आणि एक काम होतं. तुमच्या गावचे ते दोरखंडवाले चाचा आहेत ना, त्यांना सोबत घेऊन या. त्यांचा सत्कार ठेवलाय."

"त्यांचा कशाबद्दल?"

"अहो, असं काय विचारता? प्रत्येक बाजारात पहिला कप त्यांचाच असतो. अभियानाचा चेहरा आहे तो."

मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. साहेब पुढं फेट्याच्या रंगाबद्दल काहीतरी सांगत होते.

हे अभियान काय होतं ते सांगायला हवं. आमच्या भागातल्या एका संस्थेनं पोळा झाल्यावर ते सुरू केलं. घोषणा अशी, की व्हिटॅमिन डी घ्या आणि फ्लूला गावाबाहेर ठेवा. हे व्हिटॅमिन आपल्या कातडीत उन्हानं तयार होतं, आणि इतकं ऊन असलेल्या जिल्ह्यातही पुष्कळ जणांना ते कमी पडतं, हे खरं आहे. ज्यांना फार कमी आहे, त्यांनी रोज थोडं थोडं घेतलं तर सर्दी-फ्लूत जरासा उपयोग होतो, असं काही अभ्यासांत दिसलं. काहींत तेवढंही दिसलं नाही. लसीची जागा ते घेत नाही, हे मात्र कुणीच नाकारत नाही. पण 'काही अभ्यासांत जरासा' हे शब्द बॅनरवर शोभत नाहीत. बॅनरवर उगवता सूर्य होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संस्थेच्या अध्यक्षांचे फोटो.

व्हिटॅमिनची पुडी वाटायची कशी, याची योजना कागदावर वाईट नव्हती. पुडी आठवड्याला एक घ्यायची असते. खेड्यातला माणूस आठवड्याला एकदा आपल्या बाजाराला येतोच. म्हणून प्रत्येक बाजारात स्टॉल लावायचा, पुडी दुधात कालवून समोरच पाजायची आणि बोटाला शाई लावायची. शाई आठवडाभर टिकते, म्हणजे तोवर त्याला दुसरी पुडी नाही. तपासणी न करता एवढा डोस सरसकट देऊ नये, असं मी एका बैठकीत म्हटलं होतं. बैठकीच्या इतिवृत्तात ते 'मॅडमनी शुभेच्छा दिल्या' असं आलं.

मी आत गेले.

"चाची, बाजारात ते सूर्याचं चित्र असलेला स्टॉल लागतो. चाचा तिथं दूध पितात?"

"व्हय की. पयलं तेच पितेत."

"कुठल्या बाजारात?"

"समद्याच. तिथं दर बाजारी उद्घाटन असतंय ना. लोक बुजतेत, कोण फुडं येत न्हाय. मग ती पोरं म्हनतेत, चाचा, तुमी मोठे मानूस, तुमी घ्या. मग हार घालतेत, फोटो काढतेत. ह्यांचं पिऊन झालं की मग बाकीचे येतेत."

"आणि बोटाला शाई?"

सलीम हसला. "उद्घाटन करणाऱ्याला शाई लावतेत व्हय म्याडम?"

"मग मी मघापासून औषध विचारतेय, तेव्हा हे का नाही सांगितलं?"

जैनबबींनी माझ्याकडं असं बघितलं, की शिकलेल्या बाईला हेही सांगावं लागतं का.

"औषध कुठं व्हतं बाई ते. उद्घाटन व्हतं."

पोळ्यानंतरचे आठवडे मी बोटांवर धरले, प्रत्येकाला सहा बाजार लावले आणि मोजणं अर्ध्यावर सोडून दिलं. एका पुडीत साठ हजार युनिट असतात. माणसाची रोजची गरज सहाशे-आठशेच्या आसपास. उन्हात कितीही बसलं तरी या व्हिटॅमिनची बाधा होत नाही, कारण पुरेसं झालं की कातडी आपला कारखाना आपणच आवरता घेते. पोटातून गेलेल्या पुडीला असा आवर नाही. ती चरबीत साठून राहते आणि आतड्यातून कॅल्शियम ओढून रक्तात आणत राहते. रक्तात कॅल्शियम वाढलं की आतडी सुस्तावतात, मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, डोक्यात धुकं दाटतं. आणखी वाढलं तर हृदयाचा ताल चुकतो, तेव्हा मात्र बोलायला फार काही उरत नाही.

ईसीजी काढला. कॅल्शियम वाढलं की ठोक्यांच्या रेषेतलं एक अंतर आखडतं, ते आखूड वाटत होतं. ते खरंच आखूड होतं की तसं दिसावं असं मलाच वाटत होतं, हे सांगता येईना. कॅल्शियमची तपासणी आमच्याकडं होत नाही. मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'व्हिटॅमिन डीची विषबाधा असावी, आधी कॅल्शियम बघा.' ॲम्ब्युलन्स मागवली. जैनबबींनी ताकद यावी म्हणून घरून थर्मास भरून दूध आणलं होतं, ते मी काढून घेतलं.

"दूध नको. एक घोटसुद्धा नाही."

"दुधानं काय व्हतंय?"

"सध्या दुधानंच होतंय."

गाडी गेल्यावर मी बार्शीच्या फिजिशियनना फोन केला. ते ऐकून घेत होते, पण आवाजात हसू होतं.

"मॅडम, व्हिटॅमिन डीची बाधा आम्ही पुस्तकात वाचतो. इथं येतात ते सगळे कमतरतेचे."

"हा पुस्तकातला आहे असं समजा. कॅल्शियम करा आणि मला कळवा."

मग काही सुचेना. ओपीडीत शेवटचे दोन पेशंट होते. एकाला मी दोनदा तपासलं. त्याला वाटलं, आज डॉक्टरीणबाई फार काळजी घेतायत. फोन टेबलावर ठेवला, खिशात ठेवला, परत टेबलावर ठेवला. माझा अंदाज चुकला असेल तर चाचांचा मौल्यवान वेळ मी भलत्या तपासणीत घालवत होते. बरोबर असेल तर अशीच आणखी किती माणसं कुठल्या कुठल्या बाजारात ताठ बसून पुढचा कप घेत असतील, कुणास ठाऊक. या दोन्हींतलं नेमकं काय खरं ठरावं असं मला वाटत होतं, हेही ठरेना.

संध्याकाळी बार्शीहून फोन आला. आता आवाजात हसू नव्हतं.

"कॅल्शियम फारच वर आहे. आयसीयूत घेतलंय. व्हिटॅमिनचा रिपोर्ट मशीन देऊ शकत नाहीये. तिच्या मोजपट्टीच्या वर गेलंय."

"वाचतील?"

"वेळेत आलेत. मूत्रपिंडाचं आत्ता काही सांगत नाही."

मी साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"मॅडम, व्हिटॅमिननं असं होतं?"

"पाण्यानंसुद्धा होतं सर, विहीरभर प्यायलं तर."

"पण मंडप झालाय. पालखीसारखी गर्दी येणार आहे. अध्यक्षांना काय सांगू?"

"सांगा, की त्यांचा चेहरा आयसीयूत आहे."

साहेबांनी त्याच संध्याकाळी अभियानाच्या समन्वयकाला माझ्याकडं पाठवलं. तिशीचा, इस्त्रीचा कुर्ता, हातात दोन फोन. त्याचं म्हणणं अगदी साधं होतं. पुड्या चांगल्या कंपनीच्या आहेत. हजारो लोक प्यायले, कुणाला काही झालं नाही. व्हिटॅमिन आहे, विष नाही.

"चाचांना आठवड्याला किती दिल्या?" मी विचारलं.

"देतो कुठं मॅडम? शुभारंभ करून घेतो त्यांच्या हस्ते."

"कपात पुडी असते ना?"

"मग काय रिकामा कप देणार? लोक बघतात. फसवणूक नाही करत आम्ही."

माणूस प्रामाणिक होता. जरा लबाड असता, तर चाचांना साधं दूध पाजलं असतं आणि ते उद्या ईटच्या बाजारात बसले असते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्या बाजारात गेले. साहेब नको म्हणाले, म्हणजे त्यांनी फोन उचलला नाही. चाचांसारखेच फिरते व्यापारी आणखी होते. मिरचीवाली, भांडेवाला, चपला विकणारा. सूर्याच्या स्टॉलशेजारी त्यांचीही पालं पडायची.

"मावशी, ते दूध तुम्ही पण प्यायलात का?" मी मिरचीवालीला विचारलं.

"एकदा प्याले. मग कुठलं आलंय. गिऱ्हाईक टाकून दूध पीत बसू का?"

भांडेवाल्यानं तीच गोष्ट सांगितली. चपलावाला म्हणाला, दूध कोमट असतं, त्यात मजा नाही. तिघांचीही तब्येत ठणठणीत होती. धंद्यानं वाचवलं होतं त्यांना. चाचांसमोर तशी गर्दी नव्हती. ट्रॅक्टर आल्यापासून बैल उरलेत किती? पोळा झाला की घुंगरमाळांना वर्षभर कोण विचारतंय. दिवसभर माल मांडून बसायचं आणि संध्याकाळी तसाच भरायचा. अशा माणसाला रोज सकाळी कुणीतरी हात धरून पुढं नेतं, हार घालतं, चाचा तुम्ही मोठे माणूस म्हणतं. मीही कप नाकारला नसता.

"चाचा न्हाईत आज?" मिरचीवालीनं विचारलं. "उद्घाटन खोळंबलंय तिकडं."

खरंच खोळंबलं होतं. स्टॉलवरची पोरं दूध तापवून बसली होती आणि पहिला कप कुणी घ्यायचा यावर सरपंच आणि माजी सरपंच यांचं एकमत होत नव्हतं. मी पुढं झाले, ओळख सांगितली आणि पुड्यांचा खोका मागितला.

"वरनं परवानगी हाय का?" एकानं विचारलं.

"वर एक माणूस जायची वेळ आली होती," मी म्हणाले. "खोका द्या."

त्यानं समन्वयकाला फोन लावला, समन्वयकानं साहेबांना, साहेबांनी मला. मी बाजाराच्या मध्यभागी, शेळ्यांच्या गोंगाटात उभी राहून त्यांना बार्शीचा रिपोर्ट वाचून दाखवला. आकडे वाचून झाल्यावर ते म्हणाले, "खोका ताब्यात घ्या. मी बघतो." नंतर कळलं, त्यांनी त्याच दिवशी सगळ्या बाजारांतल्या पुड्या थांबवल्या आणि अध्यक्षांच्या शिव्या एकट्यानं खाल्ल्या. मंडप आवडणाऱ्या माणसाबद्दल माझं मत त्या दिवशी थोडं सुधारलं.

समारोप मात्र झाला. मंडपाची विटंबना नको, असं ठरलं होतं. अध्यक्षांनी स्टेजवर कप उंचावला, तोंडाला लावला, फोटो निघाले. त्या दिवशीच्या दुधात साखर आणि वेलदोडा सोडून काही नव्हतं. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. मला बोलायला दोन शब्द दिले नव्हते.

चाचा दोनेक आठवडे बार्शीला होते. भरपूर सलाईन, हाडांनी कॅल्शियम सोडू नये म्हणून एक इंजेक्शन आणि स्टेरॉईडच्या गोळ्या. गोळी म्हटलं की तोंड फिरवणारा माणूस मूठभर गोळ्या मुकाट घेऊ लागला. डोकं साफ झालं. मूत्रपिंडं बरीचशी सावरली, पूर्ण नाही. दर महिन्याला रक्त तपासावं लागतं, आणि चरबीत साठलेला माल हळूहळू उतरतो, म्हणून दूध बंद, उन्हात बसणं बंद. बाजार सलीम बघतो. त्यानं माल बदलला. आता दोऱ्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधतात.

थंडी वाढली तसे एक दिवस दोघं नवरा-बायको ओपीडीत आले. अंगावर शाली, तोंडाला रुमाल. जैनबबींना तीन दिवस ताप होता, चाचांना कालपासून. खोकला, अंगदुखी, नाकाला धार. या वेळी हजेरी पूर्ण लागली होती. चाचांच्या मूत्रपिंडाची धास्ती म्हणून मी त्यांच्या नाकातला नमुना पाठवला. इन्फ्लुएन्झा निघाला. बार्शीच्या डॉक्टरांनी घरी सोडताना फ्लूची लस घ्यायला सांगितलं होतं, ती यांनी 'बघू' म्हणून ठेवून दिली होती. चार दिवस मी रोज त्यांच्या घरी जाऊन नाडी बघत होते. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि चाचांनी भजी मागितली.

त्याच आठवड्यात त्यांचा व्हिटॅमिनचा रिपोर्ट आला होता. अजूनही माणसाला लागतं त्याच्या कितीतरी वर. आमच्या सगळ्या भागात त्या हिवाळ्यात ज्याच्या अंगात सर्वात जास्त व्हिटॅमिन डी होतं, त्यालाही फ्लू झाला.

समन्वयकाला हे कळलं, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही."

बरोबर आहे. त्या एकाला स्टेजवर उभं करूनही होत नाही.